पंधरवडा संपतो, काम संपत नाही

प्रश्न : नमस्कार ताई. मी सात जणांच्या सॉफ्टवेअर टीमची लीड आहे. आमचा स्प्रिंट, म्हणजे ठरवलेलं काम संपवायची फेरी, दोन आठवड्यांचा असतो. दर वेळी बारा-तेरा स्टोऱ्या, म्हणजे वापरणाऱ्याला हवी असलेली छोटी-छोटी कामं, घेतो, त्यातल्या पाच-सहा पूर्ण होतात. बाकीच्या 'ऐंशी टक्के झाल्यात' म्हणून पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो. शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंग करणाऱ्यांची नुसती तारांबळ उडते. वरिष्ठ म्हणतात, स्प्रिंट तीन आठवड्यांचा करा. करू का?

उत्तर : नका करू. तारांबळ दुसऱ्या आठवड्याऐवजी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उडेल, एवढाच फरक पडेल.

तुमच्या पत्रातल्या 'ऐंशी टक्के' या शब्दांखाली मी पेन्सिलने दोनदा रेघ मारली. हे ऐंशी टक्के मोजले कुणी? ज्याने कोड लिहिला त्यानेच ना? उरलेल्या विसात टेस्टिंग आलं, दुसऱ्याच्या कोडशी जोडणी आली आणि वापरणारा माणूस पहिल्यांदा हात लावल्यावर जे विचारेल तेही आलं. स्टोरी झाली तरी असते, नाहीतर झालेली नसते. कुठलं काम कुठवर आलं हे दाखवणाऱ्या फळ्यावर मधलं काही लिहू देऊ नका.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळल्यावर सांगतेय. आम्ही रजेच्या अर्जाची प्रणाली करत होतो. पहिल्या स्प्रिंटमध्ये माहिती साठवायची सगळी टेबलं, दुसऱ्यात सर्व्हरचं सगळं काम, तिसऱ्यात सगळे स्क्रीन. फळा कसा नीटनेटका दिसायचा! पण तिसरा स्प्रिंट संपेपर्यंत त्यात एका माणसालाही एका दिवसाची रजा टाकता येत नव्हती. सहाव्या आठवड्याच्या डेमोत आस्थापना विभागातल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि अर्ध्या दिवसाची रजा कुठे टाकायची?" आमच्या टेबलात रजेचे दिवस पूर्णांकात होते. ते बदलायला घेतलं तर शिल्लक रजेचा हिशोब, सर्व्हर, स्क्रीन, सगळं उसवत गेलं. बाईंनी हेच दुसऱ्या आठवड्यात विचारलं असतं तर एका दुपारचं काम होतं. पण तेव्हा आमच्याकडे त्यांना दाखवायला काही नव्हतंच.

तेव्हापासून मी काम उभं कापते, आडवं नाही. एकच कर्मचारी, एकच प्रकारची रजा, मंजुरी देणारा एकच साहेब. अर्ज गेला, मंजूर झाला, शिल्लक एकाने कमी झाली. स्क्रीन ओबडधोबड असला तरी चालेल, पण वरपासून खालपर्यंत धागा अखंड हवा. आजारपणाची रजा, दोन साहेबांची मंजुरी, सुट्ट्यांचं कॅलेंडर, हे पुढच्या कापांत.

गंमत बघा. एक संपला की मगच पुढचा, अशा टप्प्यांच्या उतरंडीचं जे चित्र पुढे 'वॉटरफॉल' म्हणून गाजलं, ते विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या निबंधातलं. ही रीत अशीच वापरली तर धोक्याची, असं त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलंय, आणि टेस्टिंग शेवटी येतं हेच त्याचं कारण दिलंय. लोकांनी चित्र उचललं, मजकूर वाचलाच नाही. तुम्ही तीच उतरंड पंधरा दिवसांत बसवली आहे.

आता आकड्यांचं. पाच-सहाच होतात ना? मग पाचच घ्या. याला कमी काम करणं म्हणत नाहीत. काम तेवढंच होतंय, फक्त खोटं बोलणं थांबेल. स्प्रिंटच्या या पद्धतीला स्क्रम म्हणतात; तिच्या नियमपुस्तिकेने, 'स्क्रम गाइड'नेही, २०११ मध्ये स्प्रिंटच्या कामासाठी 'वचन' हा शब्द काढून 'अंदाज' हा शब्द घेतला. सात जणांत एका वेळी तीनपेक्षा जास्त स्टोऱ्या उघड्या ठेवू नका. मोकळा झालेला माणूस नवी स्टोरी उघडणार नाही, अडलेल्याच्या शेजारी जाऊन बसेल. यावर कुरकुर होईल, विशेषतः हुशार मंडळींची. होऊ द्या. टेस्टिंग करणारीला पहिल्या दिवसापासून चर्चेत घ्या. 'अर्ध्या दिवसाचं काय?' हे तिनेच आधी विचारलं असतं.

राहिलेली स्टोरी आपोआप पुढे सरकवायची नाही. ती परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, जाईल आणि कोणतं काम आधी हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर नव्याने ठरवेल की ती अजून हवी आहे का. बऱ्याचदा नको असते.

वरिष्ठांना मात्र आधीच सांगून ठेवा, पहिले एक-दोन स्प्रिंट फळा रिकामा-रिकामा वाटेल. आलेख दाखवू नका. जे चालतंय ते उघडून माउस त्यांच्याच हातात द्या.

प्रश्न : आमचा रोजचा स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी उभ्याउभ्याची बैठक, चाळीस मिनिटं चालतो. काय करावं?

उत्तर : तो पंधरा मिनिटांचाच असतो. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, ही प्रश्नावली 'स्क्रम गाइड'च्या २०२० च्या आवृत्तीत उरलेली नाही, तेव्हा हजेरीसारखं एकेकाला विचारणं सोडा. फळ्याच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा. जी स्टोरी संपत आली आहे तिला आज काय लागेल, एवढंच विचारा आणि डावीकडे सरका. दोघांचाच वाद सुरू झाला तर ते दोघं नंतर थांबतील, बाकीचे जातील. आणि साहेब रोज येऊन बसत असतील तर सगळे त्यांच्याकडेच बघून बोलत असणार. एक आठवडा त्यांना न बोलावता करून बघा, आणि मिनिटं मोजा.