मोठ्या शहराजवळचे, फारसं नाव नसलेले पण चांगले गोल्फ कोर्स कसे शोधावेत?

स्कोअरकार्डवरची एकूण लांबी बघून कोर्स निवडणं आधी सोडा. एवढं केलंत तरी अर्धा शोध संपला.

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त वेगवेगळ्या महानगरांत जाणं होतं, क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, सोबत असतात, पण नावाजलेल्या ठिकाणी सदस्याशिवाय प्रवेश मिळत नाही आणि जिथे मिळतो तिथे टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची राखीव वेळ, महिनामहिना आधी संपलेला असतो. मग शहराच्या आसपास, कुणाच्या यादीत नसलेले पण खरोखर चांगले कोर्स ओळखायचे कसे, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं याच शोधात हिंडतोय, आणि माझ्या आठवणीत राहिलेल्या फेऱ्यांपैकी बहुतेक अशाच कोर्सवरच्या आहेत.

हे कोर्स मागे का पडतात ते आधी सांगतो, कारण त्यांना ओळखण्याची खूण त्यातच आहे. शहरालगतचे जुने कोर्स आखले गेले तेव्हा ते शहराबाहेर होते. लोक रेल्वेनं किंवा ट्रामनं तिथे जात. मग शहर वाढत वाढत त्यांच्या कुंपणापर्यंत आलं आणि चारही बाजूंनी रस्ते, घरं, रूळ झाले. तिकडे चेंडू बदलला. कोबर्न हॅस्केल यांनी १८९९ मध्ये रबरी गाभ्याच्या चेंडूचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून चेंडू लांबच लांब जात राहिला. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनी टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, मागे मागे नेल्या. ज्यांच्याकडे नव्हती ते साडेपाच-सहा हजार यार्डांवर राहिले. मोठ्या स्पर्धा त्यांच्याकडून गेल्या आणि त्यांच्यामागून नावही गेलं. जमिनीचा उतार, ग्रीनचा (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या जागेचा) कल, वारा हे सगळं मात्र होतं तिथेच आहे. तुमचा-माझा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, दोनशे-सव्वादोनशे यार्डांचा असेल, तर त्या होलनं (टीपासून भोकापर्यंतच्या टप्प्यानं) शंभर वर्षांपूर्वी खेळाडूला जो प्रश्न विचारला होता तोच आज तुम्हाला विचारला जातो. सात हजार यार्डांच्या कोर्सवर आपण फक्त दमतो.

स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गच्या पूर्वेला मसलबर्ग आहे. तिथला जुना लिंक्स (समुद्रकाठचा कोर्स) नऊच होलांचा, तोही घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत. १८७४ ते १८८९ या काळात तिथे सहा वेळा ओपन चॅम्पियनशिप ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा झाली. पुढे तिथे खेळणारा एक मोठा क्लब (खेळाडूंची संस्था) गर्दीमुळे म्युरफिल्ड या दुसऱ्या कोर्सवर गेला आणि १८९२ ची ओपनही तिकडेच झाली. मसलबर्गचं महत्त्व तिथेच संपलं, असं लोक धरून चालतात. पण तो कोर्स आजही खेळता येतो, बाहेरच्या माणसालाही. एडिनबर्गच्याच दक्षिणेला ब्रेड हिल्स आहे. महापालिकेनं १८८९ मध्ये टेकड्यांवर सुरू केलेला हा कोर्स. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, वर खडक, खाली सगळं शहर, आणि सपाट पाय ठेवायला जागा अशी नाहीच. एका फटक्याला चेंडू पायाच्या वर, तर पुढच्याला खाली. एकाच मापाच्या सपाट मॅटवर सराव केलेल्या माणसाला तिथे पुन्हा उभं राहायला शिकावं लागतं.

लहान कोर्सवर काय सापडतं ते एका होलवरून सांगतो. कोर्स कोणता ते महत्त्वाचं नाही, नऊ होलांचा आहे आणि अशी होलं पुष्कळ ठिकाणी भेटतात. १२५ यार्डांचं पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल. टीवरून दिसायला अगदी साधं: डावीकडे मोकळं, उजवीकडे एक खोल बंकर (वाळूचा खड्डा), मधे भोकातला झेंडा. मी वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्याचा क्लब, काढला, सरळ झेंड्यावर मारला, चेंडू झेंड्याच्या पलीकडे हातभर अंतरावर पडला. पडून क्षणभर थांबला, मग मागे यायला लागला. आधी हळू, मग वेग घेत ग्रीनच्या पुढच्या काठावरून उतरून पंधरा पावलं खाली, दाट गवतात. पुढच्या आठवड्यात तेच झालं. तिसऱ्यांदा माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ खेळत होते. त्यांनी सात नंबरचा आयर्न, म्हणजे वेजपेक्षा लांब मारणारा क्लब, घेतला, अर्धाच स्विंग केला आणि चेंडू बंकरच्या डाव्या कडेशी, ग्रीनच्या उंच उजव्या खांद्यावर टाकला. तिथून तो कमानीसारखा वळला, ग्रीनभर फिरला आणि झेंड्याच्या तीन फूट खाली थांबला. बंकर तिथे का खणलाय ते मला तेव्हा कळलं: ज्या कडेला चेंडू टाकायला हवा, नेमक्या तिथेच तो आहे. १२५ यार्डांत एवढं सामावणारं डोकं ज्यानं लावलं, त्याचं नाव त्या कोर्सच्या कार्डावरही नाही.

आता शोधायचं कसं. पहिली गोष्ट, मोठ्या नावाच्या शेजारी बघा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज स्टेट पार्क आहे. एकाच जागी पाच कोर्स, त्यांना रंगांची नावं: ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. ब्लॅकवर २००२ मध्ये गोल्फची यूएस ओपन स्पर्धा झाली. त्याच्या पहिल्या टीपाशी अतिशय कुशल खेळाडूंनीच इथे खेळावं अशा अर्थाची पाटी आहे, आणि तिथे नंबर लागावा म्हणून लोक पार्किंगमध्ये गाडीत झोपून रात्र काढतात. शेजारचा रेड त्याच जमिनीवरचा. त्याचं पहिलंच होल लांब पार-४ आणि ग्रीन वर टेकाडावर. पहिल्या फटक्यापासून तुम्हाला जागं करणारं. तो दुसऱ्या कुठल्या गावात असता तर त्या गावाची ओळख झाला असता. खुद्द न्यूयॉर्क शहरात, ब्राँक्समध्ये व्हॅन कोर्टलँड पार्कचा कोर्स आहे, १८९५ चा, अमेरिकेतला पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स. तिथे भुयारी रेल्वेनं जाता येतं.

दुसरी गोष्ट, मोठ्या आखणीकाराची साधी कामं शोधा. अॅलिस्टर मॅकेन्झी म्हटलं की सगळ्यांना ऑगस्टा आणि सायप्रस पॉइंट हे त्याचे खासगी कोर्स आठवतात. तिथे तुम्ही-मी खेळणार नाही. पण त्याच माणसानं सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी, शेजारच्या पॅसिफिका गावात, अगदी समुद्राला लागून शार्प पार्क नावाचा कोर्स आखला. तो १९३२ मध्ये सुरू झाला आणि आजही सार्वजनिक आहे. समुद्राच्या वादळांमुळे काही होलं बदलावी लागली, गवताची निगा कुठे कुठे कमी पडते, पाणथळीतल्या दुर्मीळ बेडकांवरून आणि सापांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. ज्याला गालिच्यासारखा फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) हवा त्यानं जाऊ नये. ज्याला एका थोर माणसाचा हात जमिनीवर बघायचाय त्यानं जरूर जावं.

तिसरी गोष्ट घरबसल्या करता येते. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि एका होलचं ग्रीन संपून पुढची टी किती लांब आहे ते बघा. जुन्या, चालण्यासाठी आखलेल्या कोर्सवर हे अंतर वीस-तीस पावलं असतं. दोन होलांच्या मधे रस्ता, बंगल्यांची रांग, परत रस्ता दिसला तर तिथे आधी प्लॉट पाडले गेले आणि उरलेल्या जागेत गोल्फ बसवलं गेलं, असं समजा. अशा ठिकाणी गोल्फच्या छोट्या गाडीशिवाय फेरी होत नाही, आणि गाडीतून बसून गेलं की उतार पायाला कळत नाही. मग स्कोअरकार्डवरची पार-३ होलं बघा. चारही १६० ते १७५ यार्डांची असतील तर चार वेळा एकच क्लब काढाल. एखादं ११०, एखादं २०० असेल तर आखणाऱ्यानं विचार केलाय.

स्लोप रेटिंगबद्दल थोडं. हा आकडा ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि सर्वसाधारण कोर्स ११३ धरला जातो. कार्डावर १४० दिसलं की लोक भारावतात. पण हा आकडा एवढंच सांगतो की निष्णात खेळाडूच्या तुलनेत साध्या खेळाडूला तो कोर्स किती जास्त जड जाईल. कोर्स चांगला आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. सहा ठिकाणी तळी खोदून ठेवली की स्लोप चढतो.

ग्रीनच्या वेगाचंही तसंच. स्टिंपमीटर ही पट्टी एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ मध्ये बनवली; तिच्या खाचेतून सुटलेला चेंडू किती फूट घरंगळतो तो वेग. टीव्हीवर बारा-तेरा फूट ऐकून आपल्याला आठ-नऊ फुटांचं ग्रीन मठ्ठ वाटतं. पण जुन्या ग्रीनवर जे मोठे उंचवटे दिसतात ते याच वेगासाठी बांधलेले होते. त्यांवरचं गवत फार बारीक कापलं तर भोकाच्या आसपास चेंडू थांबणारच नाही. हळू पण वळणदार ग्रीनवर पट (भोकाकडे घरंगळत नेणारा फटका) मारताना जी मजा येते, ती सपाट आणि काचेसारख्या ग्रीनवर मला कधी आली नाही.

एक वाईट अनुभव सांगायलाच हवा, म्हणजे तुमचा दिवस वाचेल. एका फार गाजलेल्या कोर्सवर मी मोठ्या हौसेनं वेळ मिळवली. पोहोचलो तर सगळ्या ग्रीनवर भोकं पाडून वर वाळू पसरलेली. मुळांना हवा मिळावी म्हणून हे करावंच लागतं, त्यात कुणाची चूक नाही. पण बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. पट मारला की चेंडू उड्या मारत जायचा, आणि प्रत्येक टीवर वाट बघण्यात फेरीला सहा तास लागले. ग्रीन पूर्ववत व्हायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. तेव्हापासून मी कुठेही जायच्या आधी फोन करून विचारतो की ग्रीनला भोकं शेवटची कधी पाडली आणि पुढची कधी पाडणार. शक्यतो बुकिंगवाल्याशी बोलत नाही, मैदान सांभाळणाऱ्या माणसाला फोन द्या म्हणतो. तो आनंदानं सांगतो, आणि वारा सकाळी कमी असतो की संध्याकाळी, हेही त्याच्याकडूनच कळतं.

शेवटी वेळेचं. कामाच्या दिवसात अठरा होलं बसत नाहीत, म्हणून लोक क्लब हॉटेलवरच ठेवतात. तुम्ही नऊ खेळा. २०२४ पासून हँडिकॅपच्या (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याच्या) नियमांत नऊ होलांचा स्कोअर लगेच धरला जातो, आणि कोर्सला अवघडपणाचं रेटिंग मिळण्यासाठी लागणारी किमान लांबीही नऊ होलांना ७५० यार्डांपर्यंत खाली आणली आहे, म्हणजे नुसत्या पार-३ होलांच्या कोर्सलाही आता रेटिंग मिळू शकतं. सूर्य मावळायच्या दोन-अडीच तास आधी पोहोचा. त्या वेळी अशा कोर्सवर गर्दी ओसरलेली असते आणि तिरप्या उजेडात ग्रीनचा प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसतो, जो दुपारी बारा वाजता कितीही वाकून बघितला तरी दिसत नाही.