कोळंबी नावाचा गवई

प्रश्न: आमचा नातू रात्री जेवण झालं की मोबाईलवर कुणा कामारोन नावाच्या स्पॅनिश माणसाचं गाणं लावून बसतो. आम्ही इंदुरात अमीर खाँसाहेबांची विलंबित ऐकत मोठे झालो, मला तर हा गातोय का ओरडतोय तेच कळेना. वर नातू म्हणतो ह्यानं फ्लामेंको, म्हणजे तिकडचं पारंपरिक गाणं-बजावणं, बदलून टाकलं आणि ह्याच्या रेकॉर्डमध्ये सतारपण आहे. खरंय की मला गुंडाळतोय? – एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर: आजोबा, पोरगं खरं बोलतंय, सतार आहे!

आधी नावाची गंमत सांगतो. कामारोन म्हणजे कोळंबी. पोरगा गोरा, केस पिवळट, म्हणून काकानं ठेवलेलं नाव. खरं नाव होसे मोंखे क्रूस, जन्म 1950 चा, स्पेनच्या दक्षिण टोकाला कादिसजवळच्या सान फर्नांदोचा, त्या गावाला नुसतं 'बेट' म्हणायचे, म्हणून हा 'बेटावरची कोळंबी'. (आपल्याकडे अशा नावाचा गवई असता तर आमच्या आत्यानं घरात रेकॉर्ड येऊ दिली नसती.) बाप लोहार, जात हितानो, म्हणजे जिप्सी, आणि ह्या लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच उत्तर हिंदुस्थानातून निघालेले, त्यांच्या जुन्या बोलीत पाण्याला अजून 'पान्यी' म्हणतात. तर तो आवाज फाटका वाटतो तो मुद्दाम, त्यांच्याकडे गोड गळ्याचं फार कौतुक नाही, गळा सोललेला पाहिजे.

आता बदललं म्हणजे काय ते. 1969 पासून पाको दे लुसियाच्या गिटारवर त्याच्या रेकॉर्डी येत गेल्या, त्या परंपरेतल्याच, लोक खूश. आणि मग 1979 मध्ये ह्यानं काढली 'ला लेयेंदा देल तिएम्पो', त्यात ड्रम, इलेक्ट्रिक बास, कीबोर्ड, लोर्का ह्या कवीच्या कविता, आणि एका अंगाईत तुमची ती सतार, ग्वालबेर्तो नावाच्या सेव्हियाच्या माणसानं वाजवलेली. सांगतात की जिप्सी गिऱ्हाईकं दुकानात रेकॉर्ड परत करायला आली, म्हणे हा आमचा कामारोन नव्हेच. खपलीसुद्धा फार थोडी. आज तीच रेकॉर्ड फ्लामेंकोच्या नव्या वाटेची सुरुवात म्हणून सांगतात, आणि हल्लीची ती गायिका रोसालीया, जी तुमच्या नातवाला नक्की माहीत असेल, तीसुद्धा कामारोन ऐकूनच ह्या गाण्याकडे वळली.

पण माझं म्हणणं असं की सतारीनं काही झालं नाही हो, सतार तर कुणीही घुसडेल. जुनं सगळं लहानपणापासून गळ्यात मुरलेलं होतं म्हणून त्याला ते मोडता आलं, आपल्या देवासच्या कुमारजींसारखंच, म्हणजे कुमार गंधर्वांसारखंच, त्यांनाही आधी लोक नाकं मुरडायचेच की. दोघं गेले पण एकाच साली, 1992, कुमारजी जानेवारीत आणि हा जुलैमध्ये, फुप्फुसाच्या कॅन्सरनं, वय फक्त 41. सिगरेट सुटत नव्हती.

ऐकायचं कसं? नातवाला सांगा, सतारवाली एकदम नको, आधी पाकोबरोबरची एखादी 'सोलेआ' लाव, हा फ्लामेंकोतलाच एक जुना गानप्रकार. बारा मात्रांचं आवर्तन असतं, पण एकताल समजून एकवर सम शोधू नका, मी दोन दिवस तेच करत होतो आणि बायको हसत होती. जोर पडतो तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. मांडीवर टाळी देत मोजा, पहिल्या दोन उड्या तीन-तीनच्या, पुढच्या तीन दोन-दोनच्या, आणि बाराला हात थांबतो. तो थांबला की मग ओरडण्याचं काय ते मला पुन्हा लिहा.