गिऱ्हाईक मित्र झालं, तरी जवारीचे पैसे घे

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. त्या गवयाने घरी जेवायला बोलावलं, आता त्याच्याकडे जवारीचे, म्हणजे तारांखालची हाडाची घोडी घासून तंबोऱ्याचा नाद जुळवायचे, पैसे कोणत्या तोंडाने मागू, असं विचारतोस. जेवायला जा आणि पैसेही माग. तू मजुरी सोडलीस की पुढच्या खेपेला तंबोरा आणताना तोच संकोचेल. आवाज बसला तरी तसाच वाजवत राहील आणि शेवटी गुपचूप दुसऱ्या कारागिराकडे नेईल. फुकटच्या कामाने तुटलेली दोस्ती मी बरीच पाहिली आहे. भांडणही होत नाही, माणूस नुसता यायचा थांबतो.

वाद्य एकदाच विकलं जातं. जवारी मात्र परत परत लावावी लागते, कारण तारांनी घोडीवर चरे पडतात आणि नाद खरखरीत होतो. मिरजेत सतारकार फरीदसाहेबांच्या काळापासून हेच चालत आलंय. हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतारी घडवू लागले आणि गवई त्यांच्या ओसरीवर तासन्‌तास बसू लागले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण गवई मानांकन बघून परत येत नाही, हात बघून येतो.

आणि जवारी त्याच्या कानाची लाव, तुझ्या नव्हे. कुणाला खुली, झंकार जास्त असलेली लागते, कुणाला बंद, झंकार कमी असलेली. 'गोल हवी', 'जरा मोकळी करा' असं तो म्हणेल, त्यातलं त्याला नेमकं काय हवंय ते कळायला दोन-चार वर्षं जातात. तोवर कानस हलकी चालव. घासलेलं हाड परत भरत नाही.

माझ्याकडे एका गायिकेचा तंबोरा बरीच वर्षं यायचा. स्वर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. एकदा त्यांनी शिष्येबरोबर पाठवला. निरोप एवढाच, की आवाज बसलाय. पाहतो तर तंबोरा त्याखालच्या काळी तीनला मिळवलेला आणि तारा जुन्याच, काळी चारच्या. सैल पडून घोडीवर नुसत्या फरफरत होत्या. वाद्यात काही बिघाड नव्हता. बाईंचा स्वर वयाने उतरला होता आणि ते त्या कोणाला सांगत नव्हत्या. मी जरा जाड तारा चढवल्या, त्यांच्या मानाने जवारी नव्याने लावली आणि तारेखालचं सूत सरकवत प्रत्येक तार बोलती केली. पावतीवर लिहिलं : तारा बदलल्या, जवारी. शिष्येला काही बोललो नाही. आठवड्याने बाईंचा फोन आला, तंबोरा छान बोलतोय म्हणाल्या. मीही तंबोऱ्याबद्दलच बोललो. त्यानंतर मात्र त्या स्वतः यायला लागल्या.

गिऱ्हाइकाच्या अशा गोष्टी आपल्याला आपोआप कळतात. कुणाचा गळा थकलाय, कुणी रियाज सोडलाय (तारा पिळायच्या खुंट्याच सांगतात), कुणाला पैशाची ओढ आहे. त्या दुकानाबाहेर जाऊ देऊ नकोस. दुसऱ्या गवयाला खूश करायला तर मुळीच नको.

मालाबद्दल मात्र तोंड उघड. भोपळा मंगळवेढ्याकडचा असो की आणखी कुठला, आत कीड दिसली किंवा गळ्याशी बारीक चीर असली तर लाखेच्या पॉलिशखाली दडपू नकोस. तुनाचं लाकूड पुरेसं वाळलं नसेल तर 'तीन महिने थांबा' म्हण. रागावेल, ॲपवर तंबोरा लावून गाईल. गाऊ दे.

तुझ्या गवयाचं सध्याचं काम पावसाळ्यात करू नकोस. दमट हवेत लावलेली जवारी हवा कोरडी झाली की तशी राहत नाही. त्याचा कार्यक्रम तोंडावर आला असेल तर तात्पुरतं सूत नीट करून दे, त्याचे पैसे घेऊ नकोस. दिवाळीनंतर नीट जवारी लाव. त्याचे पूर्ण घे, आणि पावती दे.

तुझा,
काका