‘खरी मैत्रीण असशील तर सांग’

सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. ती लिहिते: “आमचा पाच जणींचा ग्रुप आहे. त्यातल्या एकीशी बाकीच्यांनी बोलणं टाकलंय, तिला वगळून नवा चॅट ग्रुप केलाय. तिच्या घरात काहीतरी बिनसलंय, ते तिने फक्त मला सांगितलंय. आता तिघी मागे लागल्यात, खरी मैत्रीण असशील तर आम्हाला सांग, तिचे मेसेज दाखव. परवा एकीने तिच्या बोलण्याची नक्कल केली तेव्हा मीही हसले. तिने ते पाहिलं. मावशी, मी काय करू? आईला सांगितलं तर चुगली होईल का?”

बाळा, आधी गुपिताचं बोलू, कारण त्याची घाई आहे. ते या तिघींना सांगू नकोस. ‘फक्त मला एकटीला सांग, शप्पथ कोणाला बोलणार नाही’ असं कोणी म्हणालं, तरी नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट तर अजिबात पाठवू नकोस. तू नंतर तुझ्याकडून डिलीट केलास तरी तोवर तो आणखी कोणाच्या फोनमध्ये गेलेला असतो. परत विचारलं तर एवढंच म्हण: “ते तिचं आहे, मी नाही सांगणार. तुमचंही मी कधी कोणाला सांगत नाही.” हे दुसरं वाक्य गाळू नकोस. त्या तिघींनीही तुला कधीतरी काहीतरी मनातलं सांगितलं असेलच. आज त्यांच्या हट्टापायी तू तिचं फोडलंस, तर उद्या आपलं काय होईल हे त्यांनाही कळतं. रुसतील, पण कळतं.

हसण्याचं तुला फार लागून राहिलंय, ते पत्रात दिसतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५मध्ये एक प्रयोग मांडला होता. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. एकटी खेळणारी १३ ते १६ वर्षांची मुलं बरीच सावध होती, त्याच वयाची ज्यांच्या शेजारी बरोबरीची मुलं बसवली होती ती खूप जास्त धोका पत्करत होती. मोठ्या माणसांना मात्र कोणी पाहतंय याने फारसा फरक पडला नाही. म्हणून सगळ्यांबरोबर तुझं हसू निसटलं, याचा अर्थ तू दुष्ट आहेस असा नाही. तिला लागायचं ते मात्र लागलंच. तिला एकटीला गाठ आणि सांग, “परवा मी हसले, ते चुकलं. तू सांगितलेलं मी कोणालाही बोलले नाहीये.” ‘पण त्या म्हणाल्या म्हणून’ हे शेपूट जोडू नकोस. ती लगेच बोलेलच असं नाही. तिला वेळ दे.

आता त्या तिघी. सगळ्यांसमोर भांडण काढू नकोस, उलटा नवा ग्रुपही करू नकोस. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवलं होतं की, डोळ्यांना उत्तर स्पष्ट दिसत असूनही सगळे चुकीचं बोलले की माणूस साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्या मागे जातो. पण खोलीतल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी हे मागे जाणं खूपच कमी होतं. तिघींना वळवायची गरज नाही, एक पुरे. चॅटवर टोमणे सुरू झाले की गप्प बसणारी, नक्कल होताना खाली बघणारी एखादी त्यांच्यात आहे का बघ. तिच्याशी एकटीशी बोल. तिलाही तुझ्यासारखंच वाटत असेल आणि बोलायची भीती असेल, असं बऱ्याचदा निघतं.

त्या तुला ग्रुपमधून काढणार नाहीत, असं मी म्हणणार नाही. काढतीलही. काही दिवस मधली सुट्टी संपता संपणार नाही. तरीही मी तुला हेच सांगेन, कारण रोज कोणाला तरी दुखवून टिकवावी लागणारी जागा तुला सुखाने बसू देणार नाही. तुझ्या पत्रावरून तर ती आत्ताच बसू देत नाहीये.

आईला आजच सांग. चुगली होत नाही. सुरुवातीलाच म्हण, “आधी सगळं ऐकून घे, लगेच कोणाच्या घरी फोन करू नकोस, काय करायचं ते आपण दोघी ठरवू.” मैत्रिणीच्या घरातलं नेमकं काय ते आईलाही सांगायची गरज नाही. फक्त एक अपवाद आहे. तिला कोणी मारत असेल, कोणी नको तसं वागत असेल किंवा ती स्वतःला काही करून घ्यायचं बोलली असेल, तर तू वचन दिलेलं असलं तरी त्याच दिवशी आईला किंवा तुझा विश्वास असलेल्या शिक्षकांना सांग. ती चिडली तरी चालेल.