ओबीजीच्या पोस्टिंगमध्ये मुलांना खरंच काही शिकायला मिळतं का?

तुम्ही विचारलंय: "एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात स्त्रीरोग-प्रसूतीची पोस्टिंग लागतेय. सीनिअर म्हणतात मुलांना लेबर रूममध्ये कोणी उभं करून घेत नाही, सही करायची आणि लायब्ररी गाठायची. नक्की काय शिकतात तिथं?"

मी कोल्हापुरातच शिकलो. आता जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम सांगत नाही, पुढं थोडं तक्रारीचंही येणार आहे. लायब्ररीत बसलात तर पास व्हाल, यात शंका नाही. पण पुढं कधीतरी बाहेर मुसळधार पाऊस, १०८ ची गाडी अजून अर्ध्या वाटेवर आणि समोर टेबलावर बाई, अशी रात्र येते. त्या रात्री मला जे उपयोगी पडलं ते सगळं लेबर रूममधल्या स्टुलावर बसून शिकलेलं होतं.

आधी 'मुलगा' या मुद्द्याचं बघू. तुमची भीती अगदीच खोटी नाही, आणि बायकांचा संकोचही आजचा नाही. आपण आज सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) म्हणतो ते पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या स्त्री विभागासाठी १८८६ साली कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाई जोशींची नेमणूक केली होती. पुरुष डॉक्टरपुढं बाई दुखणं सांगत नाही, म्हणून बाई डॉक्टर हवी, हेच तर त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेत त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या, वय अवघं २१. तेव्हा एखादी पेशंट "तुम्ही नको, मॅडमना पाठवा" म्हणाली तर तोंड पाडून घेऊ नका. तिचा हक्क आहे तो. पण माझा अनुभव असा, की नाव सांगून, विद्यार्थी आहे म्हणून सांगून, सिस्टरना शेजारी उभं करून विचारलं तर पोट तपासायला दहातल्या आठ-नऊ जणी हो म्हणतात. अडवते ती बहुतेक वेळा सासू.

पहिल्या आठवड्यात शिकाल ती हिस्टरी. वाटतं सोपं. शेवटची पाळी कधी आली होती? या प्रश्नाला तारखेत उत्तर देणाऱ्या बायका माझ्या वाट्याला कमीच आल्या. "जोतिबाच्या यात्रेच्या आधी आठ दिवस." "टेंबलाईला पाणी घातलं त्या आठवड्यात." "भात लावणी चालू हुती बघा." म्हणून अप्रनच्या खिशात स्टेथोस्कोपबरोबर कॅलेंडरही हवं. यात्रा चैत्र पौर्णिमेची. समजा ती पौर्णिमा ११ एप्रिलला होती, तर पाळी ३ एप्रिलची. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा, की बाळंतपणाची अंदाजे तारीख, १० जानेवारी. मग पोटाला हात लावून बघायचं की हिशोब जुळतो का: गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी असेल तर साधारण २४ आठवडे, छातीच्या हाडाच्या टोकाशी पोचला असेल तर ३६. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात असला तरी आधी हातानं बघा आणि मग रिपोर्ट उघडा. महिनाभर हे केलंत की बोटं बोलायला लागतात: हे डोकं, ही पाठ, हे हातपाय.

शब्दही शिकावे लागतात, आणि ते पुस्तकात नाहीत. 'अंगावरून जातंय' म्हणजे रक्तस्राव की पांढरं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. 'अंग बाहेर येतंय', म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय, हे साठीची आजी तिसऱ्या भेटीत, उठून दाराकडं जाता जाता सांगते. आधीच्या दोन भेटींत ती कंबरदुखीची गोळी घेऊन गेलेली असते. 'खाली केलंय', म्हणजे गर्भपात केलाय, असं दबक्या आवाजात आलं तर तिथं नवऱ्याला बाहेर पाठवून पुन्हा विचारायचं. आणि 'पिशवी काढलीय', म्हणजे गर्भाशय काढलंय, हे तिशीतल्या बाईकडून ऐकलं की पेन खाली ठेवून कारण विचारा. दिवाळीनंतर आपल्याकडं कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी, आणि एक दिवस पडला तर खाड्याचे पैसे कापले जातात. त्या बायकांत हे फार ऐकू येतं. यातलीच एखादी गरोदर असते आणि तिचं माता-बाल कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, आधीचं सिझर होतं का, सगळं शून्यापासून. गरोदरपणी ११ च्या खाली ॲनिमिया आणि ७ च्या खाली तीव्र, हे आकडे तुम्हाला पाठ असतीलच. ७ च्या खालची बाई दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी चालत ओपीडीत येते, हे तिथं बसल्यावरच दिसतं.

आता लेबर रूम. बाकीच्या पोस्टिंगमध्ये सगळी धडपड काहीतरी करायला मिळावं म्हणून असते. टाका घालू दे, ट्यूब टाकू दे. इथं उलटं आहे. इथं मी शिकलो ते थांबायला. आपल्याकडं "जरा कळ काढ" म्हणजे थोडं सोस, धीर धर. लेबर रूममध्ये हे बाईला दिवसातून शंभर वेळा सांगितलं जातं. खरं तर डॉक्टरलाही तेच सांगायला पाहिजे. दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके मोजायचे, ११० ते १६० मध्ये आहेत ना बघायचं, पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली ते लिहायचं, पार्टोग्राफवर (बाळंतपण कसं पुढं सरकतंय ते मांडायचा तक्ता) ठिपका मारायचा आणि परत बसायचं. कंटाळवाणं आहे. पहिल्या रात्री मी चार तासांत चहाला तीनदा उठलो. शेवटी तिथल्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, ती बाई कुठं जाणार न्हाई, तुमीच जायलाय." मग बसलो.

त्या मावशींकडून जे शिकलो ते कोणत्याही प्रोफेसरनी शिकवलं नाही. बाईच्या कण्हण्याचा आवाज बदलला की त्या हातातली बादली ठेवून ग्लोव्हजचं पाकीट काढून द्यायच्या. तपासलं तर गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं, दहा सेंटिमीटर. आवाज कसा बदलतो ते लिहून सांगता येणार नाही. घशातून येणारा आवाज पोटातून यायला लागतो, एवढंच म्हणेन.

पण थांबायचं म्हणजे डोळे मिटून नव्हे. कुठल्या क्षणी थांबणं सोडायचं, यासाठीच तर ते ठिपके. रेघ तक्त्यावरच्या अलर्टच्या, म्हणजे इशाऱ्याच्या, रेघेच्या उजवीकडं सरकायला लागली, पाणी हिरवट आलं, ठोके कळ संपल्यावरही खालीच राहिले, की तुम्ही विद्यार्थी असलात तरी सिस्टरना हाक मारा. चुकलात तर हसतील. हसू द्या.

बाळ बाहेर आल्यावर सगळ्यांचे डोळे बाळाकडं जातात. तुम्ही आईकडं बघा. मिनिटाभरात दहा युनिट ऑक्सिटोसिन मांडीत, मग वार (प्लासेंटा) सुटायची वाट, गर्भाशय वर हातानं धरून नाळेला हलका ताण. वार पडल्यावर ती ट्रेमध्ये पसरून बघायची, तुकडा मागं राहिलाय का, पडदे पूर्ण आलेत का. या कामाला कोणी उत्साहानं पुढं येत नाही, म्हणून ते तुम्ही मागून घ्या. मी निदान चाळीस वारी बघितल्या असतील. केंद्रावर एका रात्री एका वारीचा एक कोपरा मला खरवडल्यासारखा दिसला, आणि बाई अजून ठणठणीत बसलेली असतानाच मी गाडी बोलावली. रक्तस्राव वाटेत सुरू झाला, पण तोवर शिरेत दोन सुया होत्या आणि गाडी निम्म्या वाटेवर होती. रक्ताचा अंदाज मात्र डोळ्यांवर सोडू नका. सगळेच कमी सांगतात. ५०० मिलिलिटर म्हणजे किती ते एकदा लाल रंगाचं पाणी चादरीवर ओतून बघा, आम्ही हॉस्टेलवर बघितलं होतं. धोब्याच्या शिव्या खाल्ल्या.

झटक्याची पेशंट, म्हणजे बीपी वाढून फिट आलेली गरोदर बाई, बघायला मिळाली तर तिथून हलू नका. मॅग्नेशियम सल्फेट चार ग्रॅम शिरेतून सावकाश, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, हे परीक्षेत सगळेच घडाघडा म्हणतात. पुढच्या डोसआधी गुडघ्याची उडी आहे ना, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला ३० मिलिलिटर तरी होतेय ना, हे रात्रभर बघत बसणारा विद्यार्थीच असतो. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट भरून उशाशी ठेवलेलं असतं. तुम्ही बघत असता म्हणूनच पुढचा डोस देता येतो.

आता तक्रार, त्यात माझीही चूक. एका युनिटमध्ये आम्ही आठ जण होतो. एकाच बाईची आतून तपासणी आम्हाला ओळीनं करायला सांगितली. तिसरा नंबर माझा. तिनं तोंड भिंतीकडं केलेलं होतं, मी तपासणी केली, सेंटिमीटर सांगितले, बरोबर आले म्हणून खूशही झालो. चौथ्याच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "साहेब, तिला विचारलंय का कुणी?" कुणीच विचारलेलं नव्हतं. तिचं तोंड अजून आठवतं असं म्हणणार होतो, पण ते मी बघितलंच नव्हतं. तिथंच मांडीवर चापट मारणं, ओरडणारीला घाणेरडं बोलणं हेही चालायचं आणि आम्ही भिंतीला टेकून गप्प उभे असायचो. आता बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत असावी अशा सूचना आहेत. जिथं ती असते तिथं आवाज आपोआप खाली येतात. तुम्हाला कोणी ओळीत उभं केलं तर निदान तुमच्या नंबरला तिला विचारा. ती नाही म्हणाली तर ग्लोव्हज काढा. मार्क जात नाहीत.

सोनोग्राफीच्या खोलीत तुम्हाला नातेवाईक गाठतील. "डॉक्टर, काय दिसतंय? पेढा का बर्फी?" विद्यार्थी म्हणून तुम्ही सोपे वाटता. गंमतीतही उत्तर देऊ नका, मान हलवू नका, हसूही नका. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ चा आहे, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही: २००१ च्या जनगणनेत इथं सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. त्यानंतरच्या दशकात सोनोग्राफी मशिनला सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) लावायचा प्रयोग कोल्हापुरातच झाला.

कुटुंबनियोजन, तांबी, अंतरा इंजेक्शन, गर्भपाताचा कायदा, हे सगळं शिकवतात आणि ते पुस्तकात नीट आहे. एकच सांगतो, एकटी आलेली मुलगी अठराच्या आतली निघाली तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. ती जबाबदारी वरिष्ठांची. तुमचं काम एवढंच, की तिची गोष्ट मेसमध्ये जेवताना सांगायची नाही. परीक्षेच्या लाँग केससाठी ॲनिमिया, बीपी, आधीचं सिझर आणि आरएच निगेटिव्ह एवढं तयार ठेवा. उरलेलं सीनिअरच्या नोट्समध्ये मिळेल, त्या बाबतीत ते खरं बोलतात.

रात्रपाळ्या मागून घ्या, दिवसा एका बाईभोवती बारा अप्रन असतात. महिन्याच्या ९ तारखेची ओपीडी चुकवू नका, त्या दिवशी गरोदर बायकांची खास तपासणी असते आणि एका सकाळी तीस पोटं तपासून होतात. सकाळी सुटल्यावर मिसळ खायला सगळे जातातच, पण आधी झोपा, रिकाम्या पोटी जागरणावर कट बाधतो.

आणि बंद, धुता येणारे बूट घाला. मी पहिल्या रात्री हौसेनं नवी कापशी चप्पल करकरवत गेलो होतो. साडेतीनला एका बाईची पाणमोट फुटली, आणि मी नेमका पायथ्याशी उभा होतो. चामडं ते, आठ दिवस उन्हात ठेवलं तरी वास गेला नाही. शेवटी रूममेटनंच ती रात्रीत कुठंतरी नेऊन टाकली.