सहीला भुलू नका

स्वागत! काचकामाचा इतिहास व्हेनिसपासून वाचायला घेऊ नका, महिनाभरात दम लागेल. (मी तेच केलं होतं.) सुरुवातीला एकच गाव धरा: फ्रान्समधलं नान्सी, १८८० ते १९१४. काचकार एमिल गाले तिथलाच, दोम बंधूंचा काचेचा कारखानाही तिथेच.

आधी तिथलं तंत्र समजून घ्या. तापलेल्या काचेवर दुसऱ्या रंगांच्या काचेचे थर चढवायचे. गार झाल्यावर नक्षीचा भाग आम्ल न लागणाऱ्या लेपाने झाकायचा आणि बाकीचा आम्लाने झिजवायचा. म्हणून अशा फुलदाणीवरून बोट फिरवलं की पाकळीची कड चक्क बोटाला लागते. वरून नुसता रंग फासला असेल तर अशी कड बोटाला लागत नाही.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- 'गाले' अशी सही म्हणजे त्याच्याच हातचं काम, हा समज. तो १९०४ मध्ये गेला, कारखाना पुढेही त्याच नावाने चालला. सहीशेजारी चांदणी दिसली तर वस्तू त्याच्या मृत्यूनंतरची. शिवाय रोमानियातल्या अलीकडच्या नकला आहेतच. त्यांवरचा 'टिप' (म्हणजे 'त्या धर्तीचं') हा शिक्का अनेकदा घासून काढलेला असतो, तेव्हा सहीच्या आसपासचा भाग भिंगाखाली बघा.
- रने लालिक या दुसऱ्या फ्रेंच काचकाराला याच पंगतीत बसवणं. त्याची काच बहुतेक साच्यातली, हिशोबच वेगळा.

पहिलं वर्ष खरेदी नको. १९६२ नंतरच्या अमेरिकन स्टुडिओ ग्लासचं (कारखान्याऐवजी कलावंताने स्वतःच्या भट्टीत घडवलेल्या काचेचं) नंतर बोलू, तो विषय मोठा आहे.