चाय मागितला, आला टोफू-भात!

प्रश्न: ताई, मी नागपूरचा, इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला, सुट्टीत मित्रांसोबत व्हिएतनामला गेलतो. हनोईत एका छोट्या हॉटेलात दोनदा 'चाय, चाय' म्हटलं तर बाईनं हसून टोफू अन् भात आणून ठेवला ना बापा! काहून?

उत्तर: अरे, तिकडे शाकाहारी जेवणाचा शब्द आपल्या 'चाय'सारखाच ऐकू येतो, बरेच बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला तेच खातात, त्यामुळे बाईला वाटलं पोरगा धार्मिक दिसतो! त्यात हनोईच्या बोलीत 6 सूर, तोच शब्द चढत्या सुरात म्हटला तर अर्थ होतो जळणं. अन् गंमत ऐक, चहाला हनोईत 'चा' म्हणतात, सूर उतरता. म्हणजे टपरीवरची हिंदी सोडून आजीसारखं 'चा' मागितलं असतंस तर कदाचित मिळालाही असता, बिनदुधाचा का होईना.